न वाकणारा अंगठा

४ मार्च

प्रिय टिंबू,

फोनवर तू मला बंद केलं आहेस, म्हणून कागद घेतला. तुझ्या नव्या घराचा पत्ता माझ्याकडे नाही, तेव्हा हे स्टुडिओच्या पत्त्यावर येईल. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. तुमच्या मजल्यावर माझं नाव सध्या कोणत्या शब्दांच्या शेजारी घेतलं जात असेल, याची मला कल्पना आहे.

बाबांचा फोन आला होता. म्हणाले, "तू काहीतरी छापलंस आणि ते तिच्या साहेबाने भिंतीवर लावलं. पोरीकडून हातांचं काम काढून घेतलं. आता ती ढग काढते." मी म्हटलं, बाबा, ढग काढणंही सोपं नसतं. "मला ढगांचं सांगू नकोस. एप्रिलअखेर टेबल सोडते म्हणाली. चित्रंच सोडते म्हणाली. काय लिहिलं होतंस रे असं?" मी म्हटलं, तांत्रिक आहे, तुम्हाला नाही कळायचं. त्यावर त्यांनी हवापाण्याचं विचारलं.

तर आधी मुद्द्याचं. टेबल सोडू नकोस. हे पत्र एवढ्यासाठीच आहे, पुढचं वाचलं नाहीस तरी चालेल.

पुढचं असं, की 'जुन्या वह्यांचं दुकान' या मालिकेवर तू काम केलंस हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असतं तर मी ती मालिका दुसऱ्या कुणाला दिली असती, कारण परीक्षण करणाऱ्याने नात्यागोत्यात लिहू नये. पण एकदा लिहायला बसलं की समोर कोण आहे हे बघायचं नसतं, हेही तितकंच खरं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, असं करून चालत नाही.

आमची कामाची पद्धत तुला माहीत नसेल. 'या हंगामातल्या अकरा ॲनिमे मालिका : काय जमलं, काय फसलं.' म्हणजे जपानी धाटणीच्या अकरा चित्रमालिका, प्रत्येकीचे बारा भाग, हातात नऊ दिवस. त्यातल्या चारांमध्ये नायक मरून दुसऱ्या जगात जन्माला येतो. एकीत तर बँकेतला कारकून पाण्याची टाकी म्हणून जन्मतो आणि सहा भाग भरत राहतो. (जमलं : टाकीचा आवाज. फसलं : टाकी सोडून सगळं.) एका तलवारबाजाला म्यानातून तलवार काढायला अडीच भाग लागतात, कारण प्रत्येक वारापूर्वी तो वाराचं नाव, वाराचा इतिहास आणि स्वतःचं बालपण सांगतो. एका मालिकेत नुसती रंगांची आतषबाजी, गोष्ट औषधालाही नाही. अशा गर्दीत वह्या शिवणाऱ्या म्हाताऱ्याची आणि त्याच्याकडे शिकणाऱ्या मुलीची तुमची मालिका आली. संथ, गप्प, एका दुकानात घडणारी. मी तिला दहापैकी चार गुण दिले आणि हातांबद्दल दोन वाक्यं लिहिली.

ती दोन वाक्यं इतकी पसरतील असं मला वाटलं नव्हतं. लोकांनी त्या हातांचे तुकडे कापून 'लाकडी अंगठा' म्हणून फिरवले, त्यावर गाणी लावली. ते मी केलेलं नाही. लोकांना चघळायला काहीतरी लागतंच.

तरी झाल्या प्रकाराबद्दल मला वाईट वाटतं. तू समजून घेशील.

तुझा,
दादा


१३ मार्च

टिंबू,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर चारच शब्द आहेत आणि मी ते शंभर वेळा वाचले असतील. "भाग बारावा. एकवीस मिनिटांनंतर." 'दादा' नाही, सही नाही. पण अक्षर तुझंच, वेलांट्यांनाही पाय फुटल्यासारखं.

मी बघितलं. आता सांगतो, आणि हे सांगताना मेल्याहून मेल्यासारखं होतंय.

पहिल्यांदा मी ती चार मिनिटं बघितलीच नव्हती.

बाराव्या भागात एकविसाव्या मिनिटाला म्हातारा दुकानाची फळी लावतो, पडदा काळा होतो आणि नावं सुरू होतात. नावं सुरू झाली की कोपऱ्यात चौकोन येतो, 'पुढचं बघा'. माझा अंगठा त्या चौकोनावर आपोआप जातो. तुझ्या मालिकेवरही गेला. लगेच पाण्याच्या टाकीचा पहिला भाग सुरू झाला. मी टेबलावरची वही ओढली आणि लिहिलं, "मुलीची अर्धी वही अर्धीच राहते. लेखक तिला विसरून गेला आहे. इतका विसराळू शेवट या हंगामात दुसरा नाही." हे वाक्य मला फार आवडलं होतं. संपादकबाईंनी ते चौकटीत घेतलं.

काल मी नावं सरकू दिली. दोन मिनिटं नावं. मग समुद्र, मग तेच दुकान आणि मोठी झालेली ती मुलगी. म्हातारा नाही. ती आपली अर्धी वही काढते, कोरी पानं जोडते, दाभणाने भोकं पाडते आणि शिवायला घेते. एक शब्द नाही, संगीत नाही, नुसता दोरा कागदातून जाण्याचा आवाज. ती शिवताना डावा अंगठा ताठ धरते. तिचा अंगठा चांगला आहे, वाकू शकतो, पण ज्याच्याकडून शिकली त्याचा वाकत नव्हता, म्हणून ती तसाच धरते.

अख्खी मालिका त्या अंगठ्यासाठी होती. लाकडी अंगठा.

आणखी एक. बारा भाग मी बघितले ते दुप्पट वेगाने. दात घासताना, बसमध्ये, संपादकबाईंच्या मीटिंगमध्ये टेबलाखाली, एका कानात तार घालून. तुमच्या मालिकेत माणसं बोलायच्या आधी थांबतात. दुप्पट वेगात ते थांबणं अडखळल्यासारखं दिसतं. मी लिहिलं, "हालचाली झटक्यांच्या." झटके माझ्या यंत्रातले होते. शितावरून भाताची परीक्षा करतात म्हणे, मी तर शीतही न चावता गिळलं.

आता तू म्हणशील, सगळेच परीक्षक असं करतात का? बरेच जण करतात. पण लहानपणी कार्टून बघताना लिहायला आपण ती वही केली होती ना? बाबांनी बाइंडिंगच्या कामातून उरलेल्या कागदांची शिवून दिलेली, मधोमध उभी रेघ मारलेली. डावीकडे 'जमलं', उजवीकडे 'फसलं'. तू आठ वर्षांची, मी तेरा. नियम तू केला होतास, पहिल्या पानावर लाल पेनने : शेवटचं चित्र विझेपर्यंत पेन उचलायचं नाही. मी एकदा आधीच लिहायला लागलो तर तू माझ्या मनगटाला चावली होतीस.

तुमच्या साहेबांना मी कळवतो. काहीतरी करतो. तू एप्रिलपर्यंत थांब.

दादा


२२ मार्च

टिंबू,

सोबत कात्रण आहे. शब्दकोड्याच्या खाली, डाव्या कोपऱ्यात. भिंग लागेल.

"गेल्या अंकातील 'जुन्या वह्यांचं दुकान' या मालिकेच्या अंतिम भागाविषयीचा तपशील तांत्रिक कारणाने अपुरा राहिला. वाचकांच्या गैरसोयीबद्दल दिलगिरी."

मी तुमच्या साहेबांनाही याची प्रत पाठवली आणि लिहिलं, की शक्य झाल्यास परीक्षणाच्या शेजारी ही भिंतीवर लावावी.

आज सकाळी दाढी करताना मला स्वतःचंच वाक्य आठवलं. तांत्रिक कारण म्हणजे कोणतं? माझा अंगठा. गैरसोय कुणाची? कोडं सोडवणाऱ्यांची नक्कीच नाही. हे असं लिहिणारा लेखक एखाद्या मालिकेत भेटला असता तर मी त्याची सालटी काढली असती. (जमलं : व्याकरण. फसलं : माणूस.)

मी संपादकबाईंकडे खरं लिहायला गेलो होतो, हे तरी ऐक. त्या म्हणाल्या, "तू मालिका पूर्ण बघितली नाहीस, असं छापायचं? मग लोक विचारतील, बाकीच्या दहा बघितल्यास का." मी समोरचा अंक चाळायला लागलो. "बघितल्यास का?" मी म्हटलं, तीन बघितल्या. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "अरे, सदर तुझं आहे, पण पान माझं आहे. तांत्रिक म्हण आणि मोकळा हो." आणि मी सुटल्यासारखा 'हो' म्हणालो. एवढ्या लवकर हो म्हणालो की त्याच चमकल्या.

मी 'हो' म्हणालो तो घाबरून. हे सदर गेलं तर मी कोण, हे मला ठाऊक नाही. तुला हात येतात. मला दुसऱ्याच्या हातांबद्दल बोलता येतं.

तुझं काही उत्तर नाही. साहेबांचंही नाही. एप्रिल जवळ येतोय. रविवारी बाबांकडे जातो. ते म्हणालेत, "ये आणि ते यंत्र घेऊन ये. मला बघायचंय काय ते."

दादा


३१ मार्च

टिंबू,

हे पत्र दोनदा फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो आणि परत वाचत नाही.

परवा नऊ वाजता बाबांकडे पोचलो. ते आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून खुर्चीत बसले होते, गुडघ्यांवर पांघरूण. यंत्र, म्हणजे माझा फोन, टीव्हीला जोडला. मी सवयीने सुरुवातीचं गाणं पुढे ढकलायला गेलो तर म्हणाले, "काय करतोस?" मी म्हटलं, प्रत्येक भागाला हेच गाणं असतं बाबा. "असू दे. ज्याने केलं त्याने उगाच केलं का?" मग बारा वेळा ते गाणं ऐकलं. आठव्या वेळेला मला त्यात मागे एक मुलगी कोपऱ्यात जुडीतले कागद मोजताना दिसली. याआधी कधीच दिसली नव्हती.

पहिल्या भागात म्हाताऱ्याचे हात आले तेव्हा बाबा पुढे झुकले. दुसऱ्या भागात त्यांनी स्वतःचा डावा हात पांघरुणावर ठेवला, उताणा, आणि टीव्हीकडे बघितलं, हाताकडे बघितलं. पाचव्या भागानंतर मी म्हटलं, थांबूया का, जेवून घ्या. "तू जेव." मग दोघंही जेवलो नाही. चौथा भाग रेंगाळतो, हे मात्र मी चुकीचं लिहिलं नव्हतं. त्यात त्यांनाही डुलकी लागली.

बाराव्या भागाच्या शेवटी नावं सुरू झाली. चौकोन आला. मी यंत्र उचलून खुर्चीखाली ठेवलं. नावं सरकत होती, बारीक, भराभर. एकदम ते म्हणाले, "थांबव!" मी खाली वाकून यंत्र शोधेपर्यंत तू निघून गेली होतीस. मागे घेतलं. तीनदा मागे घेतलं तेव्हा सापडलीस. दीड सेकंद असतेस तू तिथे. 'हातांची मुख्य चित्रं', आणि पुढे तुझं एकटीचं नाव. त्यांनी ते मोठ्याने वाचलं, आडनावासकट, शाळेत हजेरी घेतात तसं.

मग मुलगी शिवायला बसली ते बघून झालं. पडदा विझला. ते म्हणाले, "अंगठा बरोबर आहे. अगदी बरोबर. पण दोरा ती चुकीचा ओढते. म्हातारा पण. कागद कापायच्या मशीनने सांधा गेल्यापासून मी अंगठ्याने ओढत नाही. तर्जनी आणि मधलं बोट, असं, चिमटीत. अंगठा नुसता कागद दाबून धरतो. आपल्या पोरीला कळवायला पाहिजे." इतके खुश होते टिंबू. टीव्हीवर आले म्हणून नाही. चूक सापडली म्हणून. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कुणीतरी बघावं असं काही दाखवलं आणि त्यांनी ते बघितलं, इतकं साधं.

मग म्हणाले, "आता तू काय लिहिलंस ते वाच."

मी म्हटलं, राहू दे. ते म्हणाले, "पाच तास बसलोय मी."

वाचलं. तुला पाठ असेल, तरी इथे लिहितो, कारण आजवरच्या तीन पत्रांत ती दोन वाक्यं मी एकदाही लिहिलेली नाहीत. "म्हाताऱ्याचे हात म्हणजे लाकडाच्या ओंडक्यावर चढवलेले हातमोजे, अंगठा बारा भागांत एकदाही वाकत नाही. ज्याने हे हात काढले, त्याने जन्मात काम करणारा माणूस पाहिलेला नसावा."

बाबा म्हणाले, "तुला ओळखू आले नाहीत?"

तेव्हा खोटं बोलणं सोपं होतं. दुप्पट वेग होता, बसमध्ये होतो, तार एका कानात होती. हे सगळं खरंच होतं. पण ते माझ्याकडे बघत होते.

मी म्हटलं, "ओळखले होते."

त्यांनी दोन्ही हात पांघरुणाखाली घेतले. सावकाश, आधी डावा, मग उजवा. आणि मी निघेपर्यंत बाहेर काढले नाहीत. पाणी दिलं तर म्हणाले, ठेव तिथे.

आता सगळंच सांगतो. पहिल्या पत्रात मी लिहिलं, की तू त्या मालिकेवर आहेस हे मला ठाऊक नव्हतं. ते वाचताना तू हसली असशील किंवा रडली असशील. तुझा निरोप माझ्याकडे ऑक्टोबरपासून आहे. "दादा, आमची नवी मालिका येतेय, त्यात हात माझे आहेत. म्हणजे कुणाचे ते तुला कळेलच. शेवटपर्यंत बघ, नावं संपेपर्यंत. बाबांना सांगू नकोस, मी सुट्टीत येऊन दाखवणार आहे." मी वाचल्याची खूणही तुला दिसली असेल. उत्तर मी दिलं नव्हतं. तू येऊन दाखवणार होतीस, तेही आता मी उरकून टाकलं.

का केलं, ते मला नीट माहीत आहे. माहीत नाही असं म्हणणं ही माझी आणखी एक पळवाट होईल. आपण दोघं एकाच दिवशी तुमच्या स्टुडिओच्या परीक्षेला बसलो होतो. एका तासात पाणी ओतणारा हात काढायचा. माझ्या हातातून पाणी पडत होतं पण हात कुणाचाच नव्हता. तुझा बाबांचा होता. तुला घेतलं. मी सगळ्यांना सांगितलं, की मला मुळात लिहायचंच होतं. नाचता येईना अंगण वाकडं, एवढी म्हण खरी करायला मी नऊ वर्षं नोकरी केली.

बसमध्ये पहिल्या भागात ते हात आले आणि मी लगेच ओळखले. दुप्पट वेगातही ओळखले. खळ लावून झाल्यावर बोटं चड्डीला पुसायची ती लकब. पुठ्ठ्यावर आडवा तळहात. मला ते फार सुंदर वाटलं. आणि दुसऱ्या क्षणी मला वाटलं, हे हात माझ्याही घरातले होते. मीही रोज बघितले. मग मला का नाही जमले? त्या क्षणापासून मी मालिका बघत नव्हतो, चूक शोधत होतो. अंगठा सापडला. तो का वाकत नाही हे जगात चार माणसांना माहीत होतं, आई गेल्यावर तिघांना. त्यातल्या एकाने लिहिलं, की तो चुकला आहे.

मला तुझी माफी मागायची आहे, पण आज ती मागणं म्हणजे तुझ्यावर आणखी एक काम टाकणं. ते टाकत नाही.

तू टेबल सोडू नकोस, एवढं मात्र परत लिहितो. मला सांगायचा हक्क नाही. तरी लिहितो.


१२ एप्रिल

टिंबू,

अंक सोबत आहे. या वेळी भिंग लागणार नाही. पान अकरा, सबंध पान.

संपादकबाईंना मी कागद नेऊन दिला. त्यांनी उभ्याउभ्या वाचला. म्हणाल्या, "हे छापलं की तुझं सदर मला चालू ठेवता येणार नाही, कळतंय ना?" मी म्हटलं, कळतंय. "मग ठीक." दाराशी गेल्यावर पुन्हा म्हणाल्या, "हे सदर तू असं सुरुवातीपासून लिहायला हवं होतंस." ही शाबासकी होती की चपराक, अजून ठरवतोय.

त्यात मी लिहिलंय, की अकरातल्या आठ मालिका मी पूर्ण बघितल्या नव्हत्या, त्या कोणत्या, आणि प्रत्येकीबद्दल काय खोटं लिहिलं. पाण्याची टाकी आता पूर्ण बघितली. नववा भाग खरोखर चांगला आहे, मलाच आश्चर्य वाटलं. तुमच्या मालिकेबद्दल नव्याने लिहिलंय. फसलं ते : चौथा भाग रेंगाळतो, समुद्र गरजेपेक्षा निळा आहे, आणि सहाव्या भागात मुलगी रडते तेव्हा संगीत आपल्या आधी रडतं. जमलं ते : हात. पुढे कारण लिहिलंय. अंगठा का वाकत नाही, कुणाचा आहे आणि परीक्षकाला ते पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. बाबांना विचारून लिहिलं. ते म्हणाले, "लिही. पण माझ्या नावाची जाहिरात नको."

एक अंक तुमच्या साहेबांना वेगळा पाठवला आहे, बरोबर दोन ओळी : ज्या माणसाच्या शब्दावरून तुम्ही हातांचं काम बदललंत, त्याने ते हात नीट बघितले नव्हते, आता बघितले आहेत. ते काय करतील माहीत नाही. तू काय करशील तेही माहीत नाही. महिना संपायला अठरा दिवस आहेत.

आता पाकिटातल्या छोट्या डबीबद्दल. तिच्यात पेनड्राइव्ह आहे, त्यावर एक चित्रफीत.

गेल्या रविवारी मी अंक येण्याआधीच बाबांकडे गेलो. दार उघडून उभे राहिले तेव्हा त्यांचे हात खिशात होते. मी म्हटलं, बाबा, तो दोरा कसा ओढायचा, ते तिला शब्दांत कळणार नाही. तुम्ही शिवून दाखवा, मी चित्रण करतो. ते आत गेले आणि पत्र्याचा डबा घेऊन आले. दाभण, मेण लावलेला दोरा, पुठ्ठ्याचे तुकडे, सगळं जागच्या जागी होतं. कागद माझ्याकडून घडी करून घेतले. दोनदा उलगडून परत घालायला लावली. "नीट दाब. घाई कसली आहे तुला सारखी."

टेबलाशी बसले, आणि हात खिशातून काढण्याआधी माझ्याकडे न बघता म्हणाले, "तिच्यासाठी काढतोय. तुझ्यासाठी नाही."

मी म्हटलं, हो.

बावीस मिनिटांचं आहे. मी कुठेही कापलेलं नाही. मध्ये दोरा तुटतो आणि ते पुन्हा ओवतात, सुईचं नेढं सापडत नाही, तीन मिनिटं जातात त्यात. यंत्र हातात धरलं होतं, म्हणून चित्र जरा हलतं. शिवण पुरी झाली की ते वही मिटतात आणि तुला वाटेल संपलं. संपलेलं नाही. त्यानंतर ते मान वर करून तुझ्याशी काहीतरी बोलतात. मला बाहेर जायला सांगितलं होतं, यंत्र टेबलावर ठेवून, त्यामुळे काय बोलले ते मी ऐकलं नाही. आणि नंतर लावून बघितलंही नाही.

शेवटपर्यंत बघ, असं मी तुला सांगू शकत नाही. पण तू बघशील, हे मला माहीत आहे. तू नेहमीच बघायचीस.

दादा